निसरड्या वाटेवरची पायगाडी

सायकलच्या टायरमध्ये खिळा शिरणे म्हणजे काय, हे तुम्हांस सांगावयास नको. बाभळीचा काटा असो वा बैलाच्या नालेतून निसटलेला खिळा असो, तो एकदा आत गेला की ट्यूबमधली हवा निघून जाते आणि उरलेली वाट सायकल हाती धरून चालावी लागते. असे असता पृथ्वीच्या पाठीवर काही देश असे आहेत की, तेथील लोक पदरचे पैसे मोजून शेकडो खिळे बसविलेले टायर विकत आणतात आणि हिवाळाभर त्यांवरून शाळेस व कामास जातात. ही हकिकत वर्गात सांगितली असता मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : मग पावसाळ्यात आपणही तसले टायर का बसवू नयेत?

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आंबी व तिच्या आसपासच्या इंद्रायणीकाठच्या गावांतून जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत सायकलीने शाळेस जाणाऱ्या मुलांना घसरणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. फुटलेले गुडघे आणि क्वचित् गळ्यात अडकविलेला हात पावसाळ्यात कोणत्याच शाळेस नवे नाहीत. त्यातून तळेगावच्या कारखान्यांकडे जाणारी अवजड वाहने त्याच रस्त्यांवर असतात. मोकळ्या माळावर घसरणे वेगळे आणि मालमोटारीच्या पुढे घसरणे वेगळे. यास्तव हा विषय पदार्थविज्ञानाच्या आधाराने थोडा खोलात जाऊन पाहावा, असा आमचा हेतू आहे. गणिते येतील, परंतु ती सोपी आहेत. पालकांनीही ती वगळून वाचू नयेत.

प्रथम टायर म्हणजे काय ते पाहू. बैलगाडीच्या लाकडी चाकास लोहार लोखंडाची तापविलेली पट्टी चढवीत असे. तिला आपण धाव म्हणतो. सायकलचा टायर ही रबराची धाव होय. फरक इतकाच की, तिच्या पोटात हवा कोंडलेली असते. रबर गंधकाबरोबर तापविले असता चिवट व टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली शोधले. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट टॉमसन ह्याने १८४५ साली मांडली होती, पण ती मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा सिद्धीस नेली. आजची प्रत्येक सायकल त्या खटपटीची ऋणी आहे.

आता एक हिशेब करा. मुलगा, त्याचे दप्तर आणि सायकल मिळून वजन ७० किलो धरू. त्यापैकी सुमारे ४२ किलो मागच्या चाकावर व २८ किलो पुढच्या चाकावर पडते. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो इतक्या दाबाची हवा भरली आहे असे मानू. तर मागचा टायर जमिनीस किती जागेवर टेकेल? ४२ भागिले ३, म्हणजे १४ चौरस सेंटिमीटर. पुढचा टायर तर ९ चौरस सेंटिमीटरांच्या आसपासच टेकतो. मागच्या चाकाची जागा काड्यापेटीच्या तोंडाहून लहान, पुढच्याची त्याहूनही लहान! वळणे, थांबणे, वेग घेणे, तोल सांभाळणे ही सारी कामे एवढ्याशा दोन ठिकाणी होतात. त्या ठिकाणी रबर आणि रस्ता ह्यांच्यामध्ये काय आले आहे, ह्यावर सारे अवलंबून असते.

दोन पदार्थ एकमेकांवरून सरकू लागले असता जो अडथळा होतो त्यास घर्षण म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. हा अडथळा वजनाच्या प्रमाणात असतो व टेकणाऱ्या जागेच्या विस्तारावर अवलंबून नसतो, असा नियम आमाँतोँ ह्या फ्रेंच पंडिताने १६९९ साली सांगितला. रबर मात्र हा नियम पुरता पाळत नाही. ते मऊ असल्यामुळे रस्त्यावरील खडीच्या उंचसखल भागांत किंचित् शिरते व तेथे धरून राहते. अडथळ्यास वजनाने भागले असता जो अंक येतो तो घर्षणांक. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक स्थूलमानाने ०.७, ओल्या स्वच्छ रस्त्यावर ०.५, चिखलाच्या पातळ थरावर ०.३ आणि बर्फावर ०.१ धरावा. हे आकडे रस्त्यागणिक व रबरागणिक बदलतात. हिशेबास तेवढे पुरेत.

ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर वेगाने आपण चाललो आहोत. ब्रेक उत्तम आहेत. थांबावयास लागणारे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गास घर्षणांक व गुरुत्वप्रवेग (९.८) ह्यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावयाचे. कोरड्या रस्त्यावर उत्तर येते सुमारे १.८ मीटर, ओल्यावर २.६, चिखलावर ४.३ आणि बर्फावर १२.८ मीटर. बर्फावर कोरड्या रस्त्याच्या सातपट! ह्यावरून थंड देशांतील लोकांनी खिळ्यांची युक्ती का काढली, हे ध्यानात येईल.

बर्फ इतका निसरडा का, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दाबाखाली बर्फ वितळतो व त्या पाण्यावरून आपण घसरतो, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते अपुरे आहे. वातावरणाच्या एका दाबाने बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी उतरतो. सायकलचे चाक त्यास कितीसे वितळविणार? मायकेल फॅरडे ह्याने १८५० च्या सुमारास असे सुचविले की, बर्फाच्या पृष्ठभागावर, शून्य अंशाखालीदेखील, पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो. आणि पुढील संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. १९३९ साली बाउडन व ह्यूज ह्यांनी दाखविले की, घसरताना घर्षणाने जी उष्णता होते तीही बर्फ वितळविण्यास कारण होते. सारांश, बर्फ आपले वंगण आपल्याबरोबरच बाळगतो. शून्य अंशाच्या जवळ असलेला ओलसर बर्फ टायरांना सर्वांत दगा देतो, तो ह्याच कारणाने.

मऊ रबर अशा ठिकाणी काय करणार? थंडीने ते बिचारे आणखी कडक होते. म्हणून तेथे कठीण टोकाची गरज लागते. युक्ती फार जुनी आहे. शीत प्रदेशांत घोड्यांच्या नालांना हिवाळ्यापुरते टोकदार खिळे मारीत, तेच पुढे चाकास लागले. हल्लीच्या खिळेदार सायकल-टायरात टंगस्टन कार्बाइड ह्या अतिकठीण पदार्थाची लहान टोके बसविलेली असतात. ती रबराच्या जाड थरात बाहेरून रोविलेली असून त्यांची बुडे रुंद असतात, सबब ती आत शिरून ट्यूब फोडीत नाहीत. फिनलंड देशातील एका प्रसिद्ध टायरात अशी १०६ टोके असतात, दुसऱ्यात २४०. पहिल्या प्रकारात दोन ओळी असतात, म्हणजे एका वेळी जमिनीस तीन-चारच टोके टेकतात. प्रत्येकावर ३ किलो भार आला आणि टोकाचे क्षेत्र ३ चौरस मिलिमीटर मानले, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब पडतो. रबराखाली तोच दाब ३ किलो होता. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पहार आणि पाटी ह्यांतला हा फरक आहे. टोक त्या निसरड्या थरातून आरपार जाऊन खालचा घट्ट बर्फ पकडते.

नवे टायर घेतल्यावर पहिले ४०-५० किलोमीटर डांबरी रस्त्यावरून सावकाश, धक्के न देता चालवावे लागतात, म्हणजे टोके आपापल्या जागी पक्की बसतात. हवा थोडी कमी ठेवली असता कडेच्या ओळीही बर्फास लागतात. भुसभुशीत खोल हिमात मात्र ह्या टोकांचा फारसा उपयोग नाही. तेथे रुंद टायर व खोल नक्षी हवी.

फिनलंडातील औलू शहर उत्तर ध्रुववृत्तापासून फार दूर नाही, तरी तेथे हिवाळाभर सायकली चालतात. हिवाळी सायकलस्वारीचा विचार करणारी आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा २०१३ साली तेथेच भरली. केवळ टायर चांगले म्हणून हे घडत नाही. सायकलींच्या वाटा वेगळ्या राखून तेथील बर्फ वेळच्या वेळी काढला जातो व खडीची कच टाकली जाते. वाट राखणाऱ्याचे कर्तव्य आधी, टायरचे मागून. ही गोष्ट आपल्या खड्ड्यांकडे पाहताना आम्हांस वारंवार आठवते. ज्या मराठी कुटुंबांतील मुले शिक्षणास वा नोकरीस फिनलंड, स्वीडन, कॅनडा अशा देशांत गेली आहेत, त्यांना घरच्यांनी स्वेटराबरोबर ही माहितीही अवश्य कळवावी. आपल्याच देशात लेह येथे जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली दहा अंशांहूनही उतरते. तेथे रस्त्यावर झिरपलेले पाणी गोठून डांबराच्याच रंगाचे दिसते व मोटारींच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. आमच्या महाराष्ट्रात महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी क्वचित् हिवाळी पहाटे दंव गोठते. पण ते पाहावयाचे कौतुक, सूर्य वर आला की संपले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मावळातील निसरड्या वाटेवर हे टायर उपयोगी पडतील काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टोक काम करते ते खालचा पदार्थ टोकाहून मऊ, परंतु भार पेलण्याइतका घट्ट असेल तेव्हाच. बर्फ तसा आहे. डांबरातील काळ्या पाषाणाची खडी तशी नाही. टोक तीत शिरत नाही, उलट रबरास किंचित् वर उचलून धरते आणि जे रबर रस्ता पकडणार त्याचीच पकड कमी करते. शेवाळलेल्या फरशीवर व लोखंडी पत्र्यावर तर टोक सरळ घसरते. आणि चिखलात? टोक रबराबाहेर एखाद-दुसरा मिलिमीटर येते. भाताच्या खाचरातून रस्त्यावर आलेल्या गाऱ्याचा थर त्याहून जाड असतो. त्यात टोक बुडून जाते, तळास पोहोचतच नाही. भाताची चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरची जाळीची लोखंडी चाके तुम्ही पाहिली आहेत. ती खाचरात उत्तम चालतात. परंतु तीच डांबरी सडकेवर आणली तर सडकेची काय गत होते, हेही पाहिले असेल. मोटारींच्या खिळेदार टायरांनी रस्ते झिजून इतकी धूळ उडू लागली की, जपानने १९९० साली त्यांच्या विरुद्ध कायदा केला. ज्या भूमीचे जे साधन, ते त्या भूमीवरच शोभते.

आपल्या शेजारी ह्याच प्रश्नाचे एक निराळे उत्तर दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली. त्या घाटात ३७ फुटांस १ फूट इतका चढ आहे. पोलादी चाक, पोलादी रूळ आणि लोणावळ्याचा पाऊस, जो वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पडतो! चाके जागच्या जागी फिरू नयेत म्हणून इंजिनात वाळूची पेटी असते व चाकाच्या अगदी पुढे रुळावर नळीतून वाळू सोडतात. रूळ मऊ करता येत नाही, त्यात खिळा शिरत नाही. म्हणून दोहोंच्या मध्ये खरखरीतपणा आणिला. सायकलवाल्यास वाळूची पेटी बाळगता येत नाही, हे खरे. त्याच्या हाती दुसरी साधने आहेत, आणि त्यांत पहिले म्हणजे वेग.

वळण घ्या. वळताना लागणारा घर्षणांक म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या व ९.८ ह्यांचा गुणाकार. ५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी १८ किलोमीटर वेगाने घ्यावयाचे तर ०.५१ घर्षणांक लागतो. ओला रस्ता देतो ०.५. म्हणजे मुलगा पडणारच! वेग निम्मा, ताशी ९ किलोमीटर केला, तर लागतो फक्त ०.१३, तो चिखलावरही मिळतो. वेग निम्मा केला की गरज चौथाईवर येते, ही किमया कोणत्याही टायरात नाही.

दुसरे साधन ब्रेक. वर आम्ही ब्रेक उत्तम मानले. परंतु आपल्याकडील पुष्कळ सायकलींच्या रिम चकचकीत पोलादाच्या असतात, आणि पावसात भिजलेल्या पोलादावर ब्रेकचे रबर पहिले काही फेरे जवळजवळ धरतच नाही. रबराने पाणी पुसून काढावे तेव्हा कोठे ब्रेक लागू लागतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करून घ्यावी. वळणात ब्रेक दाबू नये. वेग वळणाआधी, सरळ असतानाच उतरवावा. निसरड्या जागी पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, कारण मागचे चाक घसरले तर पाय टेकून सावरता येते, पुढचे घसरले तर सावरण्यास अवकाशच मिळत नाही.

टायरच्या नक्षीविषयी एक गैरसमज आहे. मोटारीचा रुंद टायर वेगात पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, म्हणून त्यास पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा हव्यात. सायकलचा अरुंद, घट्ट टायर पाण्यावर तरंगावयास ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेग लागेल. तितका वेग आमच्या विद्यार्थ्यांस साधेल असे वाटत नाही. सबब डांबरी सडकेवर नक्षीचे महत्त्व थोडे, कच्च्या वाटेवर पुष्कळ. तथापि ज्या टायरचे आतले कापड दिसू लागले आहे, तो बदललाच पाहिजे. हवाही पावसाळ्यात दगडासारखी टणक भरू नये. थोडी नरम असता टेकणारी जागा वाढते. फार कमी केली तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूब फुटते.

धोक्याच्या जागा ओळखावयास शिकणे हे तिसरे. मृगाच्या पहिल्या सरीने उन्हाळाभराचे तेल व धूळ वर येऊन सडक जितकी निसरडी होते, तितकी ती पुढे आषाढातल्या मुसळधार पावसातही राहत नाही. तो पाऊस तिला धुऊन काढतो. पांढरे पट्टे, गटारावरची लोखंडी झाकणे, पुलाच्या कडेचे शेवाळ, लावणीच्या दिवसांत खाचरांलगत सांडलेला गारा, ह्या ठिकाणी सायकल सरळ ठेवावी, वळवू नये. लोहमार्गाचे रूळ नेहमी काटकोनात ओलांडावे किंवा उतरून हातात सायकल घेऊन जावे. ज्या पुलावरून वा फरशीवरून पाणी वाहत आहे, त्यावर सायकल घालूच नये. तेथे घर्षणाचे गणित संपले आणि प्रवाहाचे सुरू झाले.

पालकांस आमची विनंती आहे. एका हाती छत्री व एका हाती सायकल हा प्रकार बंद करावा. त्यात एकच ब्रेक हाताशी राहतो आणि वाऱ्याचा झोत आला की छत्रीच सायकल चालवू लागते. रेनकोट घेऊन द्यावा. तो होईपर्यंत मूल भिजले तरी हरकत नाही. मागच्या कॅरियरवर धाकट्या भावास बसवून पाठवावयाचे असेल तर निदान पावसाळ्यात तरी नको. शाळा उघडण्यापूर्वी ब्रेकची रबरे बदलावीत; टायरच्या मानाने त्यांस फार थोडा खर्च येतो. आणि मुलास दहा मिनिटे आधी घराबाहेर काढावे, कारण उशीर झालेला मुलगा वेग कमी करीत नाही. शिक्षकबंधूंसही येथेच सांगतो की, जोराच्या पावसाच्या दिवशी उशिरा येणाऱ्यास दाराबाहेर उभे करण्याची शिस्त आम्हांस मान्य नाही. ती शिक्षा वर्गात होते, पण तिचे भय रस्त्यावर काम करते.

शेवटी, घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग देतो. जुन्या टायरचा वीतभर तुकडा घेऊन विटेच्या बुडाशी सुतळीने पक्का बांधा, नक्षी खाली येईल असा. सुतळी मात्र खालून जाऊ देऊ नका. एक खरखरीत फरशी घ्या, तीवर वीट ठेवा आणि फरशीचे एक टोक हळूहळू उचला. वीट ज्या क्षणी सरकू लागेल त्या क्षणी थांबा व उचललेल्या टोकाची उंची मोजा. त्या टोकाखालील जमिनीवरच्या बिंदूपासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतरही मोजा. उंचीस त्या अंतराने भागले की घर्षणांक मिळाला. उंची ६० सेंटिमीटर व अंतर ८० असेल तर तो ०.७५ होय. मग फरशी ओली करून, तीवर लाल मातीचा पातळ गारा पसरून, आणि जमल्यास साबणाचे पाणी लावून प्रत्येक वेळी तीन-तीनदा मोजा व सरासरी काढा. ज्यांच्या घरी शीतकपाट आहे त्यांनी पसरट ताटात बर्फ जमवून त्यावरही पाहावे. नंतर टायरच्या तुकड्यातून आतल्या बाजूने चार बारीक खिळे वडील माणसांच्या देखत ठोकून, त्यांची टोके एक मिलिमीटर बाहेर ठेवून, तीच मापे पुन्हा घ्यावी. बर्फावर, फरशीवर व गाऱ्यावर असे तीन आकडे एका ओळीत लिहून वहीत ठेवा आणि पुढच्या तासाला वर्गात घेऊन या.